ज्वाळेपासून चिमणीपर्यंत: औद्योगिक ज्वलनात तयार होणाऱ्या विषारी प्रदूषकांचे संगणकीय मॉडेल कसे बांधावे

औद्योगिक भट्टीतून बाहेर पडणाऱ्या वायूत नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण साधारणपणे दशलक्ष भागांत काही दहा ते काही शे भाग इतके असते, आणि डायॉक्सिनचे (क्लोरीनयुक्त, अतिविषारी सेंद्रिय संयुगांचे) प्रमाण तर घनमीटरमागे नॅनोग्रॅमच्या अंशांत मोजावे लागते. या अल्पतेचे मॉडेल बांधणाऱ्यासाठी दोन परिणाम होतात. पहिला सोयीचा आहे: इतक्या कमी प्रमाणातले रेणू ज्वाळेचे तापमान किंवा प्रवाह बदलत नाहीत, म्हणून मुख्य ज्वलन आधी सोडवून प्रदूषकांचे गणित त्यावर नंतर करता येते. दुसरा परिणाम गैरसोयीचा आहे: मुख्य ज्वलनाच्या गणितात राहिलेली लहानशी चूक प्रदूषकाच्या आकड्यात अनेक पटींनी फुगून येते. म्हणूनच या कामातला बहुतेक वेळ प्रदूषकांवर नव्हे, तर तापमान आणि मिश्रण बरोबर येण्यावर खर्च होतो आणि तो तसाच व्हायला हवा.

कोणते प्रदूषक, कोणता प्रश्न

सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी एक वाक्य कागदावर लिहावे: कोणत्या प्रदूषकाविषयी, कोणता बदल केला तर काय होईल, हे मला हवे आहे. "भट्टीचे उत्सर्जन काढायचे आहे" हा प्रश्न नव्हे. "अतिरिक्त हवा कमी केल्यास नायट्रिक ऑक्साइड किती घटेल आणि कार्बन मोनॉक्साइड कुठपर्यंत वाढेल" हा प्रश्न आहे, कारण त्यातून मॉडेलचा आकार ठरतो.

प्रदूषकागणिक निर्णायक जागा वेगळी असते. नायट्रिक ऑक्साइड मुख्यतः ज्वाळेच्या सर्वांत उष्ण भागात बनते. कार्बन मोनॉक्साइड ज्वाळेत भरपूर बनतेच. प्रश्न असतो तो पुढे जळून संपते की थंड भिंतीजवळ अर्धवट गोठते, याचा. काजळी आणि बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बन इंधन जास्त व हवा कमी असलेल्या कप्प्यांत जन्मतात. डायॉक्सिनचा मोठा भाग तर ज्वाळा मागे टाकून वायू थंड होत असताना, राखेच्या पृष्ठभागावर तयार होतो. एकच मॉडेल या सगळ्यांना सारखा न्याय देत नाही, आणि तसा दावा करणाऱ्या अहवालाकडे मी तरी संशयाने पाहतो.

कागदावरचा हिशेब

पहिली पायरी हातानेच करावी. इंधनाचे मूलद्रव्यनिहाय पृथक्करण मिळवावे: कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, गंधक, ओलावा, राख, आणि विशेष काळजीने नायट्रोजन व क्लोरीन. शेवटची दोन मूलद्रव्ये इंधनाचा उष्मांक काढताना फारशी विचारात घेतली जात नाहीत, त्यामुळे ती अहवालात कधीकधी नसतात. पण प्रदूषकांच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहेत. इंधनाचा व हवेचा प्रवाह, हवेचे तापमान, भिंतींचे तापमान आणि बाहेर पडणाऱ्या वायूतला ऑक्सिजन हेही हवे.

मग वस्तुमानाचा ताळा घालावा. मिथेनच्या एका रेणूला पूर्ण जळण्यासाठी ऑक्सिजनचे दोन रेणू, म्हणजे आकारमानाने सुमारे ९.५ पट हवा लागते. त्यावर १५ टक्के अतिरिक्त हवा दिली, तर कोरड्या धूरवायूत ऑक्सिजन सुमारे ३ टक्के आणि ओल्या धूरवायूत पाण्याची वाफ सुमारे १७ टक्के येते. असा हिशेब मांडल्यावर बर्नरला दिलेल्या हवेवरून ऑक्सिजन ३ टक्के यायला हवा आणि चिमणीत तो ६ टक्के मोजला जात असेल, तर भट्टीत कुठून तरी चोरहवा शिरते आहे. ती कुठून शिरते हे कळल्याशिवाय पुढचे मॉडेल बांधू नये, कारण दारांच्या फटींतून येणारी थंड हवा कार्बन मोनॉक्साइडचे चित्र पूर्ण बदलते.

याच कागदावर रुद्धोष्म ज्वाला-तापमानही, म्हणजे उष्णता अजिबात बाहेर न गेल्यास ज्वाळा गाठेल ते तापमान, काढून ठेवावे. सामान्य तापमानाच्या हवेत आणि वातावरणीय दाबाला मिथेनसाठी ते सुमारे २,२२५ केल्विन असते. हवा आधी तापवलेली नसताना त्रिमितीय गणितात याहून जास्त तापमान दिसले, तर चूक आपली आहे, निसर्गाची नव्हे.

ढवळलेल्या भांड्यातले रसायन

भूमिती बाजूला ठेवून आता एका आदर्श रिॲक्टरमध्ये, म्हणजे आतले सगळे क्षणात एकजीव मिसळते असे मानलेल्या भांड्यात, रसायनशास्त्र तपासावे. यासाठी मुक्त स्रोतातील कँटेरा हे सॉफ्टवेअर पुरेसे साधन आहे. सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत जन्मलेल्या केमकिनचीही याच कामासाठी जुनी परंपरा आहे. दोन्हींना एक मेकॅनिझम लागते, म्हणजे रेणूंची यादी, त्यांच्यातील अभिक्रिया, प्रत्येक अभिक्रियेच्या वेगाचे स्थिरांक आणि रेणूंचे उष्मागतिकीय गुणधर्म.

नैसर्गिक वायूसाठी जीआरआय-मेक ३.० हे सर्वपरिचित मेकॅनिझम आहे. त्यात ५३ घटक आणि ३२५ अभिक्रिया आहेत, आणि नायट्रोजनचे रसायनही समाविष्ट आहे. पण ते नैसर्गिक वायूच्या प्रयोगांशी जुळवून बसवलेले आहे. त्यात क्लोरीन नाही, गंधक नाही, बेंझिनसारखी सुगंधी वलये नाहीत. म्हणून कचऱ्याच्या भट्टीसाठी किंवा जड तेलाच्या काजळीसाठी ते वापरणे म्हणजे चुकीच्या गावचा नकाशा हातात धरून पत्ता शोधणे आहे. आणखी एक बारकावा ठाऊक असावा. ज्वाळेच्या आघाडीवर हायड्रोकार्बनचे तुकडे नायट्रोजनवर हल्ला करून जो नायट्रिक ऑक्साइड बनवतात, त्या मार्गाची ओळख फेनिमोर यांनी १९७१ मध्ये करून दिली. त्यातली पहिली पायरी हायड्रोजन सायनाइड देते असे या मेकॅनिझममध्ये धरले आहे. नंतरच्या संशोधनाने ती पायरी एनसीएन या मूलकाकडे (अतिक्रियाशील, अल्पायुषी तुकड्याकडे) जाते असे दाखवले. अंतिम आकडा पुष्कळदा तरीही जुळतो, कारण स्थिरांक तसे बसवले आहेत, पण इंधनसमृद्ध ज्वाळांचा अभ्यास करायचा असेल तर नवे मेकॅनिझम घ्यावे.

पूर्ण ढवळलेल्या रिॲक्टरची गणना करताना नवशिक्याला हमखास अडवणारी गोष्ट अशी: रिॲक्टरची सुरुवातीची अवस्था थंड मिश्रणाची ठेवली, तर गणित नेमाने चालते आणि शेवटी थंड, न जळालेले मिश्रणच उत्तर म्हणून देते. या समीकरणांना जळती आणि विझलेली अशी दोन्ही उत्तरे असू शकतात. म्हणून सुरुवात समतोल अवस्थेतल्या तप्त मिश्रणाने करावी आणि मग वास्तव्यकाळ (वायू रिॲक्टरमध्ये राहतो तो वेळ) हळूहळू कमी करत ज्वाळा कुठे विझते ते पाहावे. एककांचीही काळजी घ्यावी. जुन्या फायलींत सक्रियण ऊर्जा प्रतिमोल कॅलरीत असते, तर कँटेराचे स्वतःचे एकक प्रतिकिलोमोल ज्यूल आहे. इथली गफलत त्रुटीचा संदेश देत नाही, फक्त खोटे उत्तर देते.

अभिक्रियांचे कालमान सेकंदाच्या अब्जांशापासून पूर्ण सेकंदापर्यंत पसरलेले असल्यामुळे ही समीकरणे ताठर असतात, आणि साध्या पुढे-चालणाऱ्या पद्धतीने ती सुटत नाहीत. कँटेराच्या आत लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेचा सीव्होड हा अव्यक्त पद्धतीचा सॉल्व्हर हे काम करतो. वापरणाऱ्याने सहनमर्यादा (सॉल्व्हर किती चूक चालवून घेतो ती मर्यादा) मात्र तपासावी. दशलक्षांश प्रमाणातल्या रेणूसाठी निरपेक्ष सहनमर्यादा त्या रेणूच्या प्रमाणापेक्षा कितीतरी लहान असली पाहिजे.

प्रवाह, ज्वलन आणि प्रारण

आता भट्टीची भूमिती घेऊन संगणकीय प्रवाहगणिताकडे, म्हणजे सीएफडीकडे वळावे. ओपनफोमसारखे मुक्त साधन असो की व्यावसायिक पॅकेज, निर्णय तेच असतात.

जाळी बर्नरच्या तोंडाशी बारीक असावी, कारण इंधन आणि हवा यांच्या मिश्रणाचा पट्टा तिथे काही मिलिमीटरचा असतो. बर्नरमधली फिरकी देणारी पाती शक्य असल्यास भूमितीत घ्यावीत. ती वगळून तोंडाशी अंदाजे फिरकी दिली, तर ज्वाळेची लांबी चुकते आणि पुढचे सगळेच चुकते.

प्रवाहातल्या खळबळीसाठी (टर्ब्युलन्ससाठी) के-एप्सिलॉन प्रकारचे मॉडेल बहुतेक औद्योगिक कामांत सुरुवातीला पुरते, मात्र तीव्र फिरकीत ते कमी पडते आणि रेनॉल्ड्स ताणाचे मॉडेल किंवा मोठ्या भोवऱ्यांचे अनुकरण लागते. ज्वलनाच्या मॉडेलबाबत निवड अधिक महत्त्वाची आहे. मॅग्नुसेन आणि येर्टागर यांचे १९७६ चे भोवरा-विलय मॉडेल एका पायरीच्या अभिक्रियेसह वापरले, की ते मिसळले तेवढे जळले असे धरते. त्यात ज्वलन-उत्पादनांचे कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, हायड्रॉक्सिल यांत होणारे विघटन नसल्याने ज्वाळेचे शिखर-तापमान वास्तवापेक्षा जास्त येते. उष्णता किती मिळेल हे पाहायला ते चालते, नायट्रिक ऑक्साइडसाठी नाही. त्याऐवजी फ्लेमलेट तक्ते (लहान, पातळ ज्वाळांची आधीच सोडवून ठेवलेली उत्तरे) किंवा सविस्तर रसायनासह भोवरा-विलय संकल्पनेचे मॉडेल घ्यावे.

प्रारण, म्हणजे किरणांवाटे होणारे उष्णतेचे वहन, गाळण्याचा मोह टाळावा. कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि काजळी यांतून होणारा उष्णतेचा ऱ्हास वगळला, तर मोठ्या भट्टीचे तापमान शेकडो अंशांनी वर जाऊ शकते.

हे गणित स्थिरावल्यावर प्रदूषकांकडे लगेच धावू नये. बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान, भिंतींनी शोषलेली उष्णता आणि ऑक्सिजनचे प्रमाण हे तीन आकडे कागदावरच्या हिशेबाशी आणि प्रत्यक्ष मोजमापाशी ताडावेत. जाळी एकदा दुप्पट बारीक करून शिखर-तापमान किती हलते तेही पाहावे.

नायट्रिक ऑक्साइड: पन्नास अंशांची किंमत

औष्णिक नायट्रिक ऑक्साइडचा मार्ग झेल्दोविच यांनी १९४६ मध्ये मांडला. ऑक्सिजनचा सुटा अणू नायट्रोजनच्या रेणूचा अतिशय मजबूत बंध तोडतो, त्यातून सुटलेला नायट्रोजनचा अणू ऑक्सिजनच्या रेणूशी किंवा हायड्रॉक्सिलशी जोडला जातो. पहिल्या पायरीचा वेग तापमानावर घातांकी अवलंबून आहे आणि घातांकातला स्थिरांक सुमारे ३८,००० केल्विन आहे. शिवाय सुट्या ऑक्सिजन अणूंचे समतोल प्रमाणही तापमानाबरोबर वेगाने वाढते. दोन्ही एकत्र केल्यास घातांकात सुमारे ६९,००० केल्विन येतात.

हा आकडा वापरून स्वतः हिशेब करावा. खरे तापमान २,००० केल्विन असताना मॉडेलने २,०५० दाखवले, तर नायट्रिक ऑक्साइड बनण्याचा दर सुमारे २.३ पट येतो. तापमानात अडीच टक्के चूक, प्रदूषकात सव्वाशे टक्क्यांहून जास्त.

याहून फसवी गोष्ट सरासरीची आहे. एखाद्या ठिकाणी तापमान अर्धा वेळ १,६०० आणि अर्धा वेळ २,००० केल्विन असेल, तर सरासरी १,८०० होते. पण इतर सर्व सारखे धरून दरांची सरासरी काढली, तर ती १,८०० केल्विनच्या दराच्या सुमारे २३ पट भरते, कारण जवळजवळ सगळे उत्पादन उष्ण क्षणांतच होते. म्हणून सीएफडीने दिलेले सरासरी तापमान थेट समीकरणात घालणे ही मोठी चूक आहे. तापमानाची किंवा मिश्रण-अंशाची (त्या जागच्या वायूत इंधनातून आलेल्या वस्तुमानाचा वाटा) संभाव्यता-घनता, म्हणजे कोणती किंमत किती वेळ असते याचे वितरण, गृहीत धरून तिच्यावर दर समाकलित करण्याचा पर्याय बहुतेक पॅकेजांत असतो. तो चालू आहे की नाही हे अहवाल वाचतानाही आधी विचारावे. ज्वाळेच्या आत सुट्या ऑक्सिजन अणूंचे प्रमाण समतोलापेक्षा जास्त असते, त्यामुळे समतोलाऐवजी अंशतः-समतोलाचा (फक्त वेगवान अभिक्रिया समतोलात धरणारा) पर्याय निवडणे सहसा अधिक योग्य.

कोळसा, जैवभार किंवा जड तेल यांत मात्र इंधनातला नायट्रोजन पुढे येतो. तो बाष्पांबरोबर हायड्रोजन सायनाइड आणि अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो. ऑक्सिजन मिळाला तर नायट्रिक ऑक्साइड होतो, न मिळाला तर निरुपद्रवी नायट्रोजन. टप्प्याटप्प्याने हवा देणारे बर्नर याच दुभंगावर काम करतात. इथे तापमानाचे वर्चस्व कमी होऊन मिश्रणाचे वाढते, आणि किती नायट्रोजन बाष्पात जातो व किती कोक-कणात (बाष्प निघून गेल्यावर उरलेल्या घन कणात) राहतो ही विभागणी मॉडेलला बाहेरून द्यावी लागते. ती प्रयोगशाळेतून मोजून घ्यावी. पॅकेजमधला आपोआप भरलेला आकडा आपल्या इंधनाचा नसतो.

रिॲक्टरांचे जाळे

त्रिमितीय गणितात शेकडो अभिक्रिया घालणे महाग पडते, म्हणून मधला मार्ग वापरला जातो. सीएफडीच्या लाखो पेशी तापमान आणि मिश्रण-अंश यांच्या साम्यानुसार काही दहा ते काही हजार गटांत बांधायच्या, प्रत्येक गट एक ढवळलेला रिॲक्टर मानायचा, गटांमधले प्रवाह सीएफडीतूनच घ्यायचे आणि या जाळ्यावर पूर्ण मेकॅनिझम सोडवायचे. प्रत्येक रिॲक्टरचे तापमान सीएफडीकडून आलेले तसेच स्थिर ठेवावे, कारण ऊर्जेचे समीकरण दुसऱ्यांदा सोडवल्याने प्रारणाचा हिशेब बिघडतो. जागेने शेजारी पण रसायनाने वेगळ्या पेशी एका गटात टाकू नयेत. गटांची संख्या दुप्पट करून उत्तर स्थिर राहते का, हे तपासल्याशिवाय आकडा कुणाला देऊ नये.

कार्बन मोनॉक्साइडसाठी ही पद्धत विशेष उपयोगी आहे. त्याचे ज्वलन मुख्यतः हायड्रॉक्सिल मूलकाशी होते, आणि वायू वेगाने थंड झाला की मूलके संपतात व उरलेला मोनॉक्साइड तसाच गोठून चिमणीपर्यंत जातो. समतोलाचे गणित इथे जवळजवळ शून्य दाखवेल. प्रत्यक्षात मोजणी वेगळेच सांगेल.

काजळीबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण औद्योगिक मॉडेलमध्ये तिच्यावर फार विश्वास ठेवता येत नाही. ॲसिटिलीन आणि सुगंधी वलये यांपासून कणांची निर्मिती, पृष्ठभागावर वाढ, कण चिकटणे आणि शेवटी जळणे या चार पायऱ्यांची अर्ध-अनुभवजन्य मॉडेले उपलब्ध आहेत. एकाच भट्टीच्या दोन रचनांची तुलना त्यांतून करावी, निरपेक्ष आकडा सांगू नये.

डायॉक्सिन: जे गणिताने काढता येत नाही त्याऐवजी जे काढता येते ते

डायॉक्सिन आणि फ्युरान कुटुंबात २१० रेणू आहेत, त्यांपैकी १७ विशेष विषारी मानून विषारी-समतुल्य प्रमाण काढले जाते. त्यांची निर्मिती साधारण २०० ते ४५० अंश सेल्सिअस या पट्ट्यात, फ्लाय ॲशमधला (वायूबरोबर उडणाऱ्या बारीक राखेतला) कार्बन, क्लोरीन आणि तांब्यासारखा उत्प्रेरक यांच्या संगतीने होते. या पृष्ठभागावरील रसायनाचे सर्वमान्य, मूलभूत मेकॅनिझम वापरून घनमीटरमागील नॅनोग्रॅमचा आकडा काढण्याचा प्रयत्न मी करत नाही, आणि वाचकानेही करू नये असे माझे मत आहे.

त्याऐवजी निर्मितीला पोषक परिस्थितीचे मॉडेल बांधावे. पहिले, ज्वलनकक्षात पूर्वद्रव्ये पुरती जळतात का? कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांसाठी युरोपीय नियम वायू ८५० अंशांवर किमान २ सेकंद ठेवायला सांगतात, आणि घातक कचऱ्यात हॅलोजनयुक्त सेंद्रिय पदार्थ क्लोरीनच्या हिशेबाने १ टक्क्यापेक्षा जास्त असतील तर १,१०० अंशांवर. सीएफडीत हजारो आभासी कण सोडून प्रत्येकाचा तापमान-काळ इतिहास नोंदवावा. सरासरी वास्तव्यकाळ अडीच सेकंद आला म्हणून समाधान मानू नये. किती टक्के कण दोन सेकंदांच्या आत निसटले, ते पाहावे. आखूड वाटेने पळणारे हे पाच-दहा टक्केच त्रास देतात.

दुसरे, थंड होण्याच्या पट्ट्यात वायू आणि राख किती काळ राहतात? वायू तो पट्टा काही सेकंदांत ओलांडतो, पण नळ्यांवर बसलेली राख तिथे तासन्‌तास, कधी कित्येक दिवस पडून असते. म्हणूनच भट्टी एकदा बिघडून सुरळीत झाल्यावरही डायॉक्सिनचे उत्सर्जन काही काळ वाढलेलेच राहते. वायूचा वास्तव्यकाळ घेऊन केलेले गणित या कारणाने मुळातच कमी आकडा देते. मॉडेलने राख कुठे साचते आणि त्या पृष्ठभागाचे तापमान काय आहे याचा नकाशा दिला, तरी सफाईची जागा आणि जलद शीतनाची गरज ठरवायला तो पुरतो.

मोजमापाशी ताळा

शेवटची पायरी दिसायला कारकुनी आहे आणि इथेच चांगली मॉडेले वाया जातात. सीएफडी ओल्या वायूतले प्रमाण देते, मोजणीयंत्र बहुधा कोरड्या वायूतले. वर पाहिलेल्या १७ टक्के वाफेच्या उदाहरणात हा फरक सुमारे २० टक्क्यांचा आहे. मी स्वतः एकदा हा फरक विसरून दोन आठवडे ज्वलनाच्या मॉडेलमध्ये दोष शोधत बसलो होतो.

त्यानंतर ऑक्सिजनची दुरुस्ती. संदर्भ ऑक्सिजन २०.९ मधून वजा करावा, मोजलेला ऑक्सिजनही २०.९ मधून वजा करावा, पहिल्याला दुसऱ्याने भागावे आणि मोजलेल्या प्रमाणाला त्याने गुणावे. ८ टक्के ऑक्सिजनला १५० मिलिग्रॅम प्रतिघनमीटर मोजले असतील, तर ३ टक्के संदर्भावर ते सुमारे २०८ होतात. नायट्रोजन ऑक्साइड नायट्रोजन डायऑक्साइडच्या वजनाने सांगण्याची रीत असल्यामुळे दशलक्षांश एका भागाचे सामान्य स्थितीत २.०५ मिलिग्रॅम होतात. एका बाजूला ही रीत आणि दुसऱ्या बाजूला नायट्रिक ऑक्साइडचे स्वतःचे वजन धरले, तर दीडपटीचा फरक विनाकारण उभा राहतो.

ताळा एकाच कार्यस्थितीत जुळवून थांबू नये. किमान तीन भारांवर किंवा अतिरिक्त हवेच्या तीन प्रमाणांवर मोजमाप घ्यावे, एका स्थितीवर मॉडेलचे अनिश्चित स्थिरांक बसवावेत आणि उरलेल्या दोन स्थिती त्यांना हात न लावता भाकीत कराव्यात. आकडा ३० टक्क्यांनी चुकला पण तिन्ही स्थितींत कल बरोबर आला, तर ते मॉडेल बर्नरचे बदल सुचवण्यास वापरण्यायोग्य आहे. एका स्थितीत तंतोतंत जुळले आणि दुसरीत कलच उलटला, तर परत जावे ते नायट्रोजनच्या रसायनाकडे नव्हे, तर हवेच्या वाटणीच्या मोजमापाकडे आणि भिंतींच्या तापमानाकडे.